अनवाणी पायांचा अबेबे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरून मानपाड्याला आत वळले, की टिकुजिनीवाडीकडे जाणारा रस्ता येऊरच्या डोंगराच्या दिशेने निघतो. गृहसंकुलांनी भरलेल्या या भागात रहदारी सुरू होण्यापूर्वीच्या पहाटेच्या वेळी धावणारी मंडळी दिसतात. मुंबईत २००४ साली मोठी मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर उपनगरांतील हौशी धावपटूंची संख्या वाढत गेली. धावणाऱ्यांच्या बोलण्यात वेळ आणि अंतर यांच्या जोडीला बुटांचा विषय असतोच. कुणी जाड, मऊ सोलच्या बुटांवर विश्वास ठेवतो, तर कुणाला सोल जवळजवळ नसल्यासारखे, पायाची बोटे मोकळी ठेवणारे हलके बूट हवे असतात. अशा पातळ बुटांची नवी जोडी पायात घालून पाहणाऱ्याच्या कानावर एक नाव कधी ना कधी पडते. ते नाव म्हणजे इथियोपियाचा धावपटू अबेबे बिकिला.

रोम येथे १९६० साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत त्याने अनवाणी पायांनी जिंकली, एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा अर्थ मात्र दोन तऱ्हांनी लावला जातो. बूट घेण्याची ऐपत नसलेल्या देशातील गरीब सैनिकाने जग जिंकले, हा एक अर्थ. बूट हीच मुळी अनावश्यक वस्तू असून निसर्गाने दिलेला पाय पुरेसा आहे, हे त्याने सिद्ध केले, हा दुसरा. अबेबेचे चरित्र पाहिले तर हे दोन्ही अर्थ तोकडे पडतात. त्याच्यापाशी बूट होते. ते त्याने पायात घालून पाहिले होते आणि ते पायाला मानवले नाहीत म्हणून बाजूला ठेवले होते. पुढे मानवणारे बूट मिळाले, तेव्हा ते घालून तो त्याहून वेगाने धावला.

अनवाणी धावणे ही महाराष्ट्रालाही अपरिचित गोष्ट नव्हती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमारास तेथील मैदानी स्पर्धा पाहिल्या, तेव्हा स्पर्धकांत शेतावर काम करणारी, साध्या अन्नावर वाढलेली खेड्यातील मुले होती. खडीच्या टणक रस्त्यांवर ती अनवाणी धावत आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या आहेत, असे दोराबजींना आढळले. त्यांनी पुढाकार घेऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय संघ पाठविण्याची व्यवस्था केली आणि तीन धावपटूंच्या खर्चाचा भार स्वतः उचलला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशी वेळ नोंदवून एकोणिसावे आले. त्या वेळी मॅरेथॉनचे अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. जपानचा शिझो कानाकुरी १९१२ साली स्टॉकहोमला कापडी 'ताबी' घालून धावला होता. अंगठा आणि इतर बोटे वेगळी ठेवणारे ते जपानी पादत्राण. आशिया आणि आफ्रिकेतील या धावपटूंच्या दृष्टीने अनवाणी किंवा पातळ कापडात धावणे हा प्रयोग नव्हता. त्यांचे रोजचे चालणेच तसे होते. अबेबे बिकिला त्याच पठडीतला होता.

त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथियोपियाच्या मध्यभागातील शेवा प्रांतात, जातो नावाच्या लहान खेड्यात झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन धावली गेली होती. इथियोपियात आडनावाची पद्धत नाही. माणसाचे स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव, एवढीच ओळख असते. अबेबे हे त्याचे नाव, बिकिला हे त्याच्या वडिलांचे. तो तीन वर्षांचा असताना मुसोलिनीच्या इटलीने इथियोपियावर आक्रमण केले. मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा पडली आणि सम्राट हेले सेलासी यांना देश सोडावा लागला. युद्धाच्या धामधुमीत अबेबेच्या कुटुंबालाही गाव सोडून दूरच्या ठिकाणी आश्रय घ्यावा लागला. १९४१ साली इटालियन सत्ता संपली, सम्राट परतले आणि हळूहळू गावेही स्थिरावली. अबेबेचे बालपण त्या प्रदेशातील इतर मुलांसारखे गेले. गुरे राखणे, डोंगर चढणे-उतरणे आणि हॉकीशी साम्य असलेला 'गेना' हा देशी खेळ खेळणे, हेच त्याचे जग होते.

विशीत आल्यावर तो अदिस अबाबाला गेला आणि सम्राटांच्या शाही रक्षक दलात शिपाई म्हणून भरती झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. अशा विरळ हवेत वाढलेल्या माणसाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता अधिक असते आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात तिचा लाभ होतो. त्या काळात मात्र या गोष्टीचा फारसा अभ्यास झालेला नव्हता. अबेबेच्या बाबतीत सरावाची सोय परिस्थितीनेच करून ठेवली होती. सुलुल्ताच्या टेकड्यांपासून राजधानीपर्यंतचे सुमारे २० किलोमीटरचे अंतर तो धावत जात असे आणि तसाच धावत परतत असे.

या शिपायाकडे ओनी निस्कानेन यांचे लक्ष गेले. निस्कानेन हे स्वीडनचे नागरिक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते इथियोपियात आले आणि सैनिकांना शारीरिक शिक्षण देण्याचे काम करू लागले. त्यांनी अबेबेच्या नैसर्गिक क्षमतेला शिस्तबद्ध सरावाची जोड दिली. लांब अंतराच्या धावण्याबरोबर कमी अंतराच्या वेगवान फेऱ्या, चढणीवरचा सराव, श्वास आणि वेग यांचा मेळ, अशी आखणी त्यांनी केली. पुढे अबेबेच्या यशाच्या कथा रंगल्या, तेव्हा तो जणू थेट डोंगरातून उतरून रोमच्या रस्त्यावर आला, असे चित्र निर्माण झाले. वस्तुतः त्याच्यामागे अनेक वर्षांची सैनिकी शिस्त आणि एका जाणत्या प्रशिक्षकाची मेहनत होती. १९६० च्या मार्च महिन्यात त्याचे लग्न झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अदिस अबाबा येथील चाचणी शर्यतीत त्याने २ तास २१ मिनिटे २३ सेकंद अशी वेळ नोंदवली. एमिल झाटोपेक याने १९५२ साली हेलसिंकी येथे केलेल्या ऑलिम्पिक विक्रमापेक्षा ही वेळ जवळजवळ पावणेदोन मिनिटांनी कमी होती, आणि ती राजधानीच्या विरळ हवेत नोंदली गेली होती. बाहेरच्या जगाने तिची दखल घेतली नाही.

रोमला पोहोचल्यावर बुटांचा प्रश्न उभा राहिला. अबेबेने शर्यतीसाठी नवे बूट घेतले आणि ते घालून सराव करून पाहिला. ते पायाला नीट बसेनात. त्यांच्यामुळे पायाला फोड आले. हे घडण्यामागे साधे कारण होते. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्या माणसाचा पाय पुढच्या बाजूला रुंद होतो, बोटे एकमेकांपासून मोकळी राहतात आणि तळव्याची कातडी जाड व चिवट बनते. असा पाय अरुंद साच्यावर बेतलेल्या बुटात कोंडला, की बोटे आणि टाच यांवर ताण येतो. पाऊल पडताना आणि उचलताना कातडीचे थर एकमेकांवर ओढले जातात, त्यांच्यामध्ये पाणी साचते आणि फोड उठतो. मॅरेथॉनमध्ये सुमारे पंचवीस हजार पावले टाकावी लागतात. पहिल्या पाच-दहा किलोमीटरमध्ये आलेला फोड शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये शर्यत हातची घालवतो. कोणताही नवा बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम वापरू नये, हा धावपटूंमधील जुना नियम याच अनुभवातून आला आहे.

अबेबेपुढे दोन पर्याय होते. फोड आणणारे बूट घालून धावायचे, किंवा ज्यावर आजवर विसंबून राहिलो त्या पायांनी धावायचे. अनवाणी धावण्याची सवय त्याला होती आणि तिचा भरवसाही होता. त्याने दुसरा पर्याय निवडला. या निर्णयात बंडखोरी नव्हती आणि देशाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन तर नव्हतेच. एका व्यावसायिक सैनिकाने हाती असलेल्या साधनाची परीक्षा घेऊन काढलेला तो निष्कर्ष होता.

१० सप्टेंबर १९६० रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास रोमच्या कॅपिटोलाईन टेकडीच्या पायथ्यापासून शर्यत सुरू झाली. उन्हाचा ताप टाळण्यासाठी ही वेळ ठरवण्यात आली होती. ऑलिम्पिकच्या प्रथेप्रमाणे मॅरेथॉनची अखेर स्टेडियममध्ये होत असे. रोममध्ये मात्र शर्यतीचा आरंभ आणि शेवट दोन्ही प्राचीन शहराच्या रस्त्यांवर ठेवण्यात आले. परतीच्या मार्गाचा मोठा भाग दोन हजार वर्षांहून जुन्या अ‍ॅपियन मार्गावरून जात होता. अंधार पडल्यावर सैनिकांनी हाती धरलेल्या मशालींच्या उजेडात धावपटू त्या रस्त्याने जात होते.

निस्कानेन यांनी अबेबेला कोणत्या प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवायची, ते सांगितले होते. त्यांत मोरोक्कोचा रादी बेन अब्देस्सलाम हा प्रमुख होता आणि त्याचा क्रमांक २६ असेल, अशी माहिती होती. प्रत्यक्षात रादी आदल्या शर्यतीतील १८५ हाच क्रमांक लावून धावत होता. निम्मे अंतर संपण्याच्या सुमारास अबेबे आणि तो इतरांना मागे टाकून बरोबरीने धावू लागले. अबेबेला मात्र हा आपला मुख्य प्रतिस्पर्धी आहे, याची कल्पना नव्हती. २६ क्रमांकाचा धावपटू अजून पुढेच असावा, असे समजून तो वेग टिकवून राहिला. शेजारी बूट घातलेल्या पावलांचा आवाज आणि स्वतःच्या पावलांचा जवळजवळ न येणारा आवाज, असे ते दोघे कित्येक किलोमीटर अंधारातून सोबत धावले.

शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात मार्गावर एक उंच दगडी स्तंभ होता. तो इथियोपियातील अक्सुम या प्राचीन नगरीतला. इटालियन फौजांनी तो तेथून उचलून १९३७ साली रोममध्ये आणून उभा केला होता. मार्गाची आधी पाहणी करताना अबेबे आणि निस्कानेन यांनी अखेरचा वेग घेण्यासाठी नेमके हेच ठिकाण हेरले होते. स्तंभ आला आणि अबेबे सुटला. कॉन्स्टन्टाईनच्या कमानीखालची अंतिम रेषा त्याने २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत ओलांडली. रादी २५ सेकंदांनी मागे राहिला. न्यूझीलंडचा बॅरी मगी तिसरा आला. सोव्हिएत धावपटू सर्गेई पोपोव्ह याच्या नावावर असलेली जगातील सर्वोत्तम वेळ अबेबेने सेकंदाहूनही कमी फरकाने मागे टाकली. शर्यत संपल्यावर तो कोसळला नाही की बसला नाही. जणू आणखी धावायचे असावे, अशा थाटात त्याने हातपाय सैल करणारे व्यायाम सुरू केले.

आफ्रिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूने मिळवलेले हे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक होते. त्या वर्षी आफ्रिकेतील अनेक देश पारतंत्र्यातून मुक्त होत होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या रोममधून इथियोपियावर स्वारीचा हुकूम निघाला, त्याच रोममध्ये त्या देशाचा एक शिपाई आपल्या देशातून लुटून आणलेल्या स्तंभाजवळून विजयाकडे धावत गेला. हा अर्थ कुणी मुद्दाम सांगण्याची गरज नव्हती. पुढे २००५ साली तो स्तंभ इथियोपियाला परत करण्यात आला आणि २००८ साली अक्सुममध्ये पुन्हा उभा राहिला. ते पाहायला अबेबे हयात नव्हता.

मायदेशी त्याचे भव्य स्वागत झाले. सम्राटांनी त्याला पदक दिले आणि हुद्दा वाढवला. हा आनंद फार काळ टिकला नाही. डिसेंबर १९६० मध्ये सम्राट परदेश दौऱ्यावर असताना शाही रक्षक दलाचे प्रमुख मेंगिस्तू नेवे यांनी बंड केले. ते काही दिवसांतच मोडून काढण्यात आले आणि नेवे यांना पुढे फाशी झाली. त्याच दलातला सैनिक म्हणून अबेबेलाही काही काळ अटकेत राहावे लागले. बंडात त्याचा सक्रिय भाग नसल्याने त्याची सुटका झाली. तीन महिन्यांपूर्वी ज्याच्या नावाने राजधानीने जल्लोष केला होता, त्याचे आयुष्य या दिवसांत एका निर्णयावर टांगलेले होते.

१९६१ च्या उन्हाळ्यात तो जपानमध्ये ओसाका येथील मॅरेथॉनसाठी गेला. तेथे किहाचिरो ओनित्सुका हे बूट उत्पादक त्याला भेटले. त्यांच्या छोट्या उद्योगातून पुढे 'असिक्स' ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. अनवाणी ऑलिम्पिक जिंकणाऱ्या धावपटूला बूट घालायला लावणे, हे त्यांच्या दृष्टीने मोठे आव्हान होते. अबेबेने सुरुवातीला नकार दिला. ओनित्सुका यांनी आग्रह सोडला नाही. जपानच्या रस्त्यांवर काचा पडलेल्या असतात, तेव्हा पायाला संरक्षण हवे आणि ते हलक्या, पकड असलेल्या बुटातून मिळेल, असे त्यांनी समजावले. अखेर अबेबेने ते बूट घातले आणि शर्यत जिंकली. अनवाणी धावण्याची त्याने शपथ घेतलेली नव्हती, हे या प्रसंगातून दिसते. त्याची अट एवढीच होती, की पायाला जे ओझे वाटेल ते नको.

१९६३ साली तो बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावला. सुरुवातीचा वेग विक्रमी होता. नंतर थंड वाऱ्यात त्याच्या पायांत पेटके आले आणि तो पाचवा आला. आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन पूर्ण करूनही न जिंकण्याचा त्याच्या कारकिर्दीतील हा एकमेव प्रसंग ठरला.

पुढच्या वर्षी टोकियो ऑलिम्पिक होते. सप्टेंबर १९६४ मध्ये, शर्यतीला जेमतेम पाच आठवडे उरलेले असताना त्याला अपेंडिक्सचा तीव्र त्रास झाला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. तो टोकियोला धावू शकेल, अशी अपेक्षा फार थोड्यांना होती. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने हळूहळू सराव सुरू केला. २१ ऑक्टोबरला तो शर्यतीच्या आरंभरेषेवर उभा होता आणि या वेळी त्याच्या पायांत पांढरे बूट आणि मोजे होते. निम्म्या अंतरानंतर तो एकटाच पुढे निघून गेला. त्याने २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद अशी नवी सर्वोत्तम वेळ नोंदवली. दुसरा आलेला ब्रिटनचा बेसिल हीटली त्याच्यापेक्षा चार मिनिटांहून अधिक मागे होता. स्टेडियममधील प्रेक्षक इतरांची वाट पाहत असताना अबेबे हिरवळीवर शांतपणे व्यायाम करीत होता. ऑलिम्पिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. इथियोपियाच्या राष्ट्रगीताची तयारी संयोजकांनी केलेली नव्हती, त्यामुळे पदक प्रदान समारंभात वाद्यवृंदाने जपानचे राष्ट्रगीत वाजवले, हीही त्या दिवसाची एक आठवण.

रोमच्या अनवाणी शर्यतीपेक्षा टोकियोची बूट घातलेली शर्यत तीन मिनिटे पाच सेकंदांनी वेगवान होती. एवढ्यावरून बूट श्रेष्ठ ठरत नाहीत. मार्ग वेगळा होता, हवा वेगळी होती, अबेबेचा अनुभवही चार वर्षांनी वाढलेला होता. त्याच न्यायाने रोमच्या विजयावरून अनवाणी धावणेही श्रेष्ठ ठरत नाही. दोन्ही शर्यतींत समान असलेली गोष्ट म्हणजे अबेबे स्वतः, त्याचा सराव आणि आपल्या पायाला काय चालते, याची त्याला असलेली नेमकी जाण.

१९६७ पासून पायाच्या दुखापतींनी त्याला घेरले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये तिसऱ्या विजयाची आशा घेऊन तो उतरला खरा, पण पायाचे हाड दुखावलेले होते. सुमारे १७ किलोमीटरनंतर त्याला शर्यत सोडावी लागली. ती शर्यत त्याचाच देशबांधव आणि सहकारी मामो वोल्दे याने जिंकली. अबेबेने आयुष्यात सोळा मॅरेथॉन धावल्या आणि त्यांतील बारा जिंकल्या.

२२ मार्च १९६९ च्या रात्री तो स्वतःची फोक्सवॅगन मोटार चालवत राजधानीकडे येत असताना अपघात झाला. मोटार उलटली आणि तो आत अडकून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढण्यात आले. मानेजवळच्या मणक्याला मोठी इजा झाली होती. उपचारांसाठी त्याला ब्रिटनमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात नेण्यात आले. मज्जारज्जूच्या दुखापतींवरील उपचारांसाठी हे रुग्णालय प्रसिद्ध होते आणि तेथेच डॉ. लुडविग गुटमान यांनी अपंगांच्या क्रीडा स्पर्धांचा पाया घातला होता. अनेक महिन्यांच्या उपचारांनंतर अबेबेच्या हातांत बळ आले. पाय मात्र कायमचे गेले. ज्या पायांची जगभर चर्चा झाली, ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निरुपयोगी झाले.

स्पर्धेतून तो तरीही बाहेर पडला नाही. १९७० साली स्टोक मँडेविल येथील स्पर्धांत त्याने चाकाच्या खुर्चीवर बसून तिरंदाजी आणि टेबल टेनिसमध्ये भाग घेतला. १९७१ साली नॉर्वेमध्ये अपंगांच्या क्रीडा स्पर्धेत बर्फावरच्या घसरगाडीची २५ किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. बर्फाशी काहीही नाते नसलेल्या देशातील हा माणूस त्या खेळात उतरला आणि पहिला आला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला तो विशेष निमंत्रित म्हणून उपस्थित होता. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने अदिस अबाबा येथे त्याचे निधन झाले. वय अवघे ४१. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो नागरिक आणि स्वतः सम्राट उपस्थित होते. पुढच्याच वर्षी सम्राटांची राजवटही संपुष्टात आली.

अबेबेच्या नावाचा खरा व्यवहार त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या 'बॉर्न टू रन' या पुस्तकाने अनवाणी धावण्याची लाट आणली. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात, त्यामुळे टाचेवर उतरताना बसणारा हिसका टळतो, असे त्यात दाखवले होते. अनवाणी धावणाऱ्याला दुखापत होत नाही, असे मात्र त्यात सिद्ध केलेले नव्हते. त्याच वर्षी रोम मॅरेथॉनमध्ये इथियोपियाच्या सिराज गेना याने शेवटच्या काहीशे मीटरमध्ये बूट काढून टाकले आणि अनवाणी पायांनी अंतिम रेषा ओलांडून शर्यत जिंकली. अबेबेच्या विजयाला पन्नास वर्षे झाल्याची ती आदरांजली होती.

त्याच वर्षी व्हिब्रम या इटालियन कंपनीने पाच बोटांचे, हातमोज्यासारखे दिसणारे पातळ सोलचे बूट 'बिकिला' या नावाने बाजारात आणले. आपली परवानगी घेतली नाही, असे म्हणत अबेबेच्या कुटुंबीयांनी २०१५ साली अमेरिकेत न्यायालयात दाद मागितली. दावा दाखल करण्यास फार उशीर झाला, या कारणास्तव २०१६ साली तो फेटाळला गेला. त्याआधी २०१४ साली, बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांबद्दल ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात त्या कंपनीने चूक कबूल न करता ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड स्वीकारली होती. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीचे बूट सोडून पातळ बुटांकडे वळणाऱ्या धावपटूंचे दहा आठवडे निरीक्षण करण्यात आले. त्यांतील अनेकांच्या पायाच्या हाडांत ताणाने आलेली सूज आढळली. जन्मभर बुटात राहिलेल्या पायाच्या पोटऱ्या, टाचेचा स्नायुबंध आणि तळव्याची लहान हाडे यांना नवा भार पेलायला महिनोन्‌महिने लागतात. नवी जोडी घेऊन पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावणाऱ्याला हा वेळ मिळत नाही. आधी घरात वावरणे, मग चालणे, मग थोडे धावणे आणि बाकीचे अंतर जुन्याच बुटांत पूर्ण करणे, हा सावकाशीचा मार्ग त्यावर सांगितला जातो.

ज्या माणसाने नवे बूट पायाला मानवले नाहीत म्हणून काढून ठेवले, त्याचेच नाव एका नव्या बुटाला मिळावे, हा काळाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल. अबेबेच्या पायांमागे बालपणापासूनची अनवाणी वाटचाल आणि सुलुल्ताच्या टेकड्यांवरची कित्येक वर्षांची धाव होती. ती कोणत्याही खोक्यात घालून विकता येत नाही. रोममध्ये त्याने बूट नाकारले, टोकियोत स्वीकारले, आणि पायच उरले नाहीत तेव्हा हातांच्या बळावर नॉर्वेच्या बर्फात शर्यत जिंकली. आज अदिस अबाबातील एका स्टेडियमला त्याचे नाव आहे. इथियोपियाच्या धावपटूंनी त्याच्यानंतर लांब पल्ल्याच्या शर्यतींत जी दीर्घ परंपरा निर्माण केली, तिची सुरुवात मशालींच्या उजेडातील त्या रात्रीपासून मोजली जाते.